पसंतीवर आणलेले स्पीकर

इंगवल्यांच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी बाळासोनं ऐकायची आणि मग बाकीच्यांनी बघायची, अशी रीत पडून गेली होती. माठ असो, भिंतीवरचं घड्याळ असो, नाहीतर पाण्याची मोटर. मोटर आली त्या दिवशी त्यानं सगळ्यांना गप्प करून, डोळे मिटून पाच मिनिटं कान दिला होता, आणि तोवर घरात कुणाची खोकायची छाती झाली नव्हती. उद्यमनगरातल्या एका इंजिन कारखान्यात सत्तावीस वर्षं टेस्टिंगवर काढलेला माणूस. चालत्या इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतली कुठली बेअरिंग कुरकुरतेय ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्या कामावर घर चाललं होतं आणि नावही झालं होतं. मंगळवार पेठेत 'बाळासोनं ऐकलंय' म्हटलं की पुढचं बोलणं खुंटायचं.

तेव्हा त्या रविवारी सकाळी बाळासो अंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून सोप्यातल्या खुर्चीत ऐटीत बसला, यात कुणाला नवल वाटलं नाही. त्याला स्वतःला तर मुळीच नाही.

त्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे सयाजीच्या मेव्हण्यानं दिवाळीत दुबईहून कॅसेट डेक आणि अॅम्प्लिफायर आणून दिला होता. स्पीकरचं ओझं काही त्यानं आणलं नाही. ते तिकडंच घ्या म्हणाला. तेव्हापासून चार महिने ते चकचकीत यंत्र शोकेसमध्ये प्लॅस्टिकखाली मुकं बसलं होतं. येणारा-जाणारा म्हणायचा, लावा की जरा, आणि सयाजी काहीतरी सबब सांगून वेळ मारून न्यायचा. शेवटी आक्कानं मनावर घेतलं. आक्का ही या दोघांची थोरली बहीण. ऐन पंचविशीत मलकापूरहून कपाळ पुसून माहेरी आली ती इथंच राहिली, दोन म्हशींच्या सात म्हशी केल्या, आणि घरातला पैसा तेव्हापासून तिच्या कमरेच्या पिशवीत असायचा.

"हजाराच्या आत बसवा," आक्कानं सांगितलं होतं. "वर येक रुपाया न्हाय. आन येकदाच. उद्या ह्ये नगं, त्ये पायजेल म्हणाला, तर डेकबी दुबईला परत धाडीन."

यावरून घरात दोन तट पडले. सयाजी बँकेत कारकून. त्याला कंपनीचा माल हवा होता, पुढं पितळी पट्टीवर नाव कोरलेला. त्यानं शाहूपुरीतल्या एका दुकानातून एक जोडी पसंतीवर आणली होती. संध्याकाळपर्यंत ठेवा, आवडली तर पैसे द्या, नाहीतर ओरखडा न पाडता परत करा, असा व्यवहार. दुसऱ्या तटात बाळासोची बायको बायडाबाई आणि मुलगी शालन. त्यांचं म्हणणं, बादशाचा हात असताना दुकानात जायचंच कशाला?

बादशा म्हणजे मागल्या बोळातल्या लालासाब सुताराचा मुलगा बादशहा. लालासाब आणि बाळासो एका तालमीत घुमलेले, एका ताटात जेवलेले. शालनच्या जन्माच्या वेळी बायडाबाई दीड महिना अंथरुणाला खिळली, तेव्हा लालासाबच्या बायकोनं, अमीरबीनं दोन्ही घरची चूल सांभाळली होती. बादशानं बापाकडून लाकूड उचललं आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात राहून तारा उचलल्या. आता तो स्वतः स्पीकरचे बॉक्स बांधायचा. आक्कानं दोन महिन्यांमागं त्याला सामानाला उचल दिली होती, आणि त्या दिवशी त्यानं सागवानी पॉलिशचे, काळ्या जाळीचे दोन बॉक्स पाठीवरून आणून सोप्यात ठेवले होते. कंपनीच्या जोडीपेक्षा अडीचशेनं स्वस्त.

आणि या सगळ्यात भर म्हणून मलकापूरहून पिराजी आला होता. तो आक्काचा धाकटा दीर. मांडव आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा त्याचा धंदा.

"आमाला आपली भोंग्याची सवय," तो येताक्षणीच म्हणाला होता. "बारीकसारीक काय कळत न्हाय. बाळासोभाऊंनी बादशाचा माल पास केला की मला असलं मोठं सहा बॉक्स त्येच्याकडनंच बांधून घ्यायचं हाईत. लग्नसराईच्या आत."

बादशा तेव्हा खाली मान घालून तारा सोलत होता. सहा बॉक्स म्हणजे त्याचं सहा महिन्यांचं काम. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या शालननं बघितल्या आणि ती हसली.

आधी कंपनीची जोडी लावली. शालननं जोतिबाच्या डोंगरावरून आणलेली भजनाची कॅसेट घातली. मृदंग वाजला, टाळ वाजले, बुवांचा आवाज आला, आणि बाळासोच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. किती दिवसांनी असं लख्ख ऐकू येत होतं! टाळ नुसते वाजत नव्हते, कानात शिरत होते. त्यानं डोळे मिटून घेतले. त्यामुळं आक्कानं पदर कानावर ओढला, बायडाबाईनं कपाळाला आठी घातली आणि खुद्द सयाजीनं हळूच बटण मागं फिरवलं, यातलं त्याला काही दिसलं नाही.

"वाढव की रं," तो म्हणाला. सयाजीनं पुन्हा वाढवलं.

मग बादशाची जोडी. तीच कॅसेट, तेच भजन. मृदंग भरीव वाजला, इतका की बाळासोच्या खुर्चीच्या हाताला त्याची थरथर लागली. बुवांचा आवाजही आला. पण टाळ कुठं गेले? बाळासोनं कान पुढं केला. मान डावीकडं, मग उजवीकडं. उठून जाळीशी गेला. कुणीतरी गोधडी टाकून गाणं झाकावं तसं वाटत होतं.

"बंद कर," तो म्हणाला. "बादशा, तुझा ट्विटर बंद हाय."

ट्विटर म्हणजे बॉक्समधला वरचा, वाटीएवढा छोटा स्पीकर. बारीक आवाज काढायचं काम त्याचं.

"न्हाय मामा," बादशा हसून म्हणाला. "चालू हाय. दोन्ही चालू हाईत."

"मी ऐकतोय की! टाळाचा पत्ता न्हाय."

"आबा, वाजत्यात की टाळ," शालन म्हणाली.

तिचं बोलणं बाळासोला आवडलं नाही. कारखान्यात इंजिनियर साहेबसुद्धा त्याच्या तोंडावर 'वाजतंय की' म्हणत नसत. त्यातून पिराजी बघत होता. माणसाचं नाव ज्या गोष्टीवर उभं असतं तिथंच कुणी बोट लावलं की तो जरा जास्तच ओरडतो, आणि बाळासो ओरडला.

"तू गप बैस! बादशा, खरं सांग. ट्विटर कुठनं आणलास?"

"मुंबईचा हाय मामा. नवाकोरा. डबी हाय घरात, दाखवतो की."

"डबी नवी आसंल. आत जळकं घालून पैसं नव्याचं लावलंस, आसंच न्हवं? आक्काकडनं उचल घेतलीस ती कशाला? घरातली माणसं म्हणून कोण बघणार न्हाय, व्हय रं?"

बादशाच्या हातातली पक्कड तशीच राहिली. सयाजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची जोडी जिंकत होती, आणि का जिंकतेय ते त्याला कळत होतं. पिराजीला पावण्यानं अशा वेळी काय करायचं ते चांगलं ठाऊक होतं. तो उठला, "तुमचं चालू द्या घरचं, मी जरा म्हशी बघून येतो," म्हणाला आणि तंबाखू मळत परसात गेला.

बादशानं एक बॉक्स सोडवून बाजूला ठेवला. दुसऱ्याची मागची फळी उघडून त्यानं खालच्या मोठ्या स्पीकरची तार काढून टाकली.

"मामा, आता नुसता ट्विटर हाय. दुसरं काय बी न्हाय. तुमीच ऐका."

कॅसेट सुरू झाली. बाळासोनं कान लावला. काही नाही. त्यानं खुंटीवरच्या कामाच्या पिशवीतून आपला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक ट्विटरच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाशी धरली. सत्तावीस वर्षांत या स्क्रू ड्रायव्हरनं त्याला दगा दिला नव्हता. तो श्वास रोखून उभा राहिला. आत काही नव्हतं. खोल विहिरीत ओरडल्यावर प्रतिसाद येऊ नये, तसं.

"बघा!" तो ताठ झाला. "मेलाय ह्यो. पार मेलाय!"

असं म्हणून त्यानं विजयानं सगळ्यांकडं पाहिलं, आणि तिथंच त्याचं हसू थिजलं. शालन जमिनीकडं बघत होती. बायडाबाईनं तोंडाला पदर लावला होता. सयाजी कॅसेटच्या डबीवरची अक्षरं वाचत होता. आणि आक्का भिंतीला टेकून बसली होती, तिचं बोट गुडघ्यावर टाळ धरत होतं. एक, दोन, एक, दोन. मृदंग बंद होता, बुवांचा आवाज बंद होता, आणि तिचं बोट ठेका चुकत नव्हतं.

आक्काची आणि त्याची नजर भेटली. तिनं हात झटकन पदराखाली घेतला.

ट्विटर वाजत होता. सोप्यातल्या प्रत्येकाला तो ऐकू येत होता, आणि तो एकटा मध्यभागी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा राहून वाजत्या वस्तूला मेलेली म्हणत होता. आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक सदऱ्याला पुसत राहिला.

परसातून पिराजीची पावलं आली. बादशानं एकदा दाराकडं बघितलं, एकदा बाळासोकडं. मग त्यानं टेप बंद केला.

"बरोबर हाय मामा," तो म्हणाला. "मेलाय. माझ्याच हातनं जुना घातला गेला. चुकलं माझं."

पिराजी उंबऱ्यात थबकला. त्यानं नेमकं तेवढंच ऐकलं.

बाळासोची अब्रू झाकायला सगळं घर एका बाजूला झालं, आणि दुसऱ्या बाजूला बादशा एकटा फळीचे स्क्रू आवळत राहिला. त्यानं एक बॉक्स पाठीवर घेतला, नेऊन ठेवला, मग दुसरा न्यायला आला. दुसऱ्या खेपेला शालन दारात उभी राहिली तर तो तिच्या बाजूनं वाट काढून गेला. "आक्का, उचल संध्याकाळच्या आत आणून देतो," एवढं बोलला.

"मग ऱ्हाऊ दे आमचं बी," पिराजी त्याच्या पाठीकडं बघत म्हणाला. "घरच्या माणसाला जो जुनं घालतो, तो मलकापुरात काय करंल?"

जेवायला तांबडा रस्सा होता. बाळासोच्या पानात वाटी तशीच राहिली. पिराजी मात्र तोंड भरून बोलत होता. कान असावा तर असा, म्हणत होता. आमच्या भावकीनं तुमच्या कारखान्यातनं तीन इंजिनं नेली ती बाळासोभाऊंच्या भरवशावर, म्हणत होता. चार वाजताच्या एस.टी.नं परत जायचं, आणि वाटेत बांबवड्याला पाहुण्यांना ही गंमत सांगायची, असंही म्हणाला. प्रत्येक घासाला बाळासोची मान खाली जात होती.

पिराजी पान खायला कोपऱ्यावर गेला, आणि बाळासो हात धुऊन परसात आला. सोप्याच्या खिडकीतून त्याला दिसलं: सयाजी आणि आक्का समोरासमोर उभे होते, दोघांची तोंडं हलत होती, सयाजी हात नाचवत होता. हे दृश्य त्यानं गेल्या दोन वर्षांत कितीदा पाहिलं होतं! धाकटा आणि थोरली मिळून कुजबुजतात, माझ्या माघारी वाटणीचं काहीतरी शिजतंय, असं धरून त्यानं सयाजीशी अबोला धरला होता, आक्काला टाकून बोलला होता. आज बघता बघता त्याला उमगलं की ती कुजबुज नव्हतीच. सयाजीच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तो ओरडत होता.

बायडाबाई भांडी घेऊन बाहेर आली. ती त्याच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. नेहमी तिकडंच उभी राहायची.

"काय म्हणतोय सयाजी?" त्यानं विचारलं.

"म्हणतोय, मी दुकानची जोडी परत करतो. असली जोडी मला घरात नगं. आक्का म्हणती, गप बैस, पावणा जाऊ दे."

"तुला ठावं हुतं?"

"काय?"

"माझ्या कानाचं."

बायडाबाईनं भांडी खाली ठेवली. "तीन वर्सं झाली. तुमच्या डाव्या अंगाला बोललं की तुमी नुसती मान हालवता. घरात समद्यांस्नी ठावं हाय. शालन तुमच्याशी मोठ्यानं बोलती ती उगंच न्हवं."

"आन मला कुणी सांगितलं न्हाय?"

"तुमाला ठावं नव्हतं व्हय?"

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. म्हणूनच त्याला खोटं बोलता आलं नाही. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडं तो बघत राहिला. ती भांडी घासायला बसली, हात खालीवर होऊ लागले, बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि त्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते त्याला आठवेना.

ठाऊक होतं. कसं नसेल? कारखान्यात आकाराम नावाचा जोडीदार त्याच्या शेजारी असतो. दीड वर्षांपासून बाळासो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकत नव्हता, आकारामचा चेहरा वाचत होता. आकारामच्या भुवया वर गेल्या की हा म्हणायचा, बेअरिंग बघा. नाही गेल्या की खडूनं बरोबरची खूण करायचा. आकारामनं कधी तोंडातून शब्द काढला नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. तेवढे ढकलायचे आणि नाव घेऊन घरी बसायचं, एवढाच हिशेब होता. त्यात बादशा येणार हे काही त्यानं धरलं नव्हतं. आता तोंड उघडलं तर गोष्ट पिराजीबरोबर मलकापूरला जाणार, भावकीतून फिरून कारखान्याच्या फाटकात परत येणार. आणि नाही उघडलं तर बादशा चोर. वाट दोन्हीकडून बंद दिसत होती, आणि खरं सांगायचं तर बाळासोनं त्यातली आपल्याला सोपी ती मघाशीच धरली होती. त्याचीच त्याला शिसारी आली.

साडेतीन वाजले. पिराजीनं पिशवी भरली, आक्कानं त्याच्या हातावर दही घातलं. तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या. लालासाब होता.

त्याच्या अंगावर ईदचा पांढरा कुडता होता. डोक्यावरची टोपी नीट बसवत तो आत आला. एरवी तो सरळ बाळासोच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा आणि पान मागायचा. आज खाली, उंबऱ्याजवळ बसला. खिशातून त्यानं गाठ मारलेला रुमाल काढून आक्काच्या पुढं सरकवला.

"ही तुमची उचल," तो म्हणाला. त्याचा आवाज जाड होता. बाळासोला तो पहिल्यापासून स्पष्ट ऐकू यायचा. "पावणं, तुमीबी बसा जरा. तुमच्या म्होरं झालंय, तर तुमच्या म्होरंच बोलतो. माझ्या बानं ह्या पेठेत दारं-खिडक्या केल्या, मी केल्या. सागवान म्हणून कवा दुसरं लाकूड घातलं न्हाय. पोरानं का आसं केलं, मला कळत न्हाय. इचारलं तर म्हणतो, चुकलं. कशापायी, तर बोलत न्हाय. मी मारलं त्येला आज. तीस वर्साचा बाप्या, त्येच्या बायकोच्या, मेहमुदाच्या म्होरं थोबाडीत मारली. हात बी वर केला न्हाय त्येनं."

त्यानं दोन्ही हात जोडले. लालासाबनं, ज्यानं तालमीत कधी कुणापुढं पाठ टेकली नव्हती, त्यानं बाळासोपुढं हात जोडले.

"बाळू, पदरात घे. दोस्ती तोडू नगंस."

"आरं लालासाब, असू दे, असू दे," आक्का घाईनं म्हणाली. "झालं गेलं. शालन, च्या टाक गं. पावण्याची गाडी चुकंल, आपून मागनं बोलू." बोलताना ती बाळासोकडं बघत नव्हती. ती त्याला अजूनही वाचवत होती. पदर आडवा धरून लहानपणी बापाच्या मारातून वाचवायची, तशीच.

"आक्का, सर बाजूला," बाळासो म्हणाला.

तो केवढ्यानं बोलला हे त्याला कळलं नाही. शालन चुलीकडून पळत आली.

"लालासाब, हात खाली कर. ट्विटर चालू हुता."

लालासाबला अर्थ लागला नाही. "पोरगं म्हणलं..."

"पोरगं खोटं बोललं. माझ्यापायी. ट्विटर नवा हुता, वाजत हुता, ह्या समद्यांस्नी ऐकू येत हुता. मला येत न्हवता. बारीक आवाज मला येतच न्हाय आता. मी बहिरा झालोय, लालासाब. ह्या दुकानच्या जोडीचं कर्कश तेवढं ऐकू येतं, म्हणून ती गोड लागली. आन तुझ्या पोराला चोर म्हणलो. त्येनं माझी लाज राखली आन मी बोललो न्हाय. इथं बसून जेवलो."

सयाजीनं तोंड फिरवलं. बायडाबाई दाराच्या आड रडत होती. पिराजी हातातलं दही तसंच धरून उभा होता. मलकापूरचा माणूस, मनात आलेलं गिळणं त्याला जमायचं नाही.

"म्हंजे भाऊ," तो म्हणाला, "आमच्या भावकीनं न्हेलेली इंजिनं?"

"पयलं न्हेलं ते मी ऐकलंय. मागलं दोन न्हाय. मी शेजारच्याच्या तोंडाकडं बघून खडू वडला. उद्या कारखान्यात साहेबाला सांगणार हाय. तुमी बी सांगा गावाकडं. बघून घ्या म्हणावं."

"आन ह्ये बॉक्स?"

"त्ये माझ्याकडनं इचारू नगंस. हिला इचार, शालनला. आक्काला इचार. माझं काय बी धरू नगंस आता."

पिराजीनं आक्काकडं पाहिलं. आक्का म्हणाली, "लई गोड वाजत हुतं, भावजी. म्या ठेका धरलाता."

लालासाब मात्र तसाच बसून होता. रुमालाच्या गाठीकडं बघत. त्याच्या चेहऱ्यावर माफी नव्हती. राग येऊन गेला, आणि रागाच्या मागून जे आलं ते बाळासोला बघवेना.

"तवाच का न्हाय बोललास?" लालासाबनं विचारलं.

"लाज वाटली."

"मग माझ्या पोराला लाज न्हाय व्हय?"

लालासाब गुडघ्यावर हात टेकून उठला. शालन चहा घेऊन आली होती, तो त्यानं घेतला नाही. रुमाल तिथंच राहिला. दारात जाऊन पाठमोऱ्यानं तो चपला घालू लागला, आणि घालता घालता काहीतरी बोलला.

बाळासोला त्याची मान हललेली दिसली, एवढंच. घरातली सगळी माणसं वळून त्याच्याकडं बघायला लागली, तो काय म्हणतो याची वाट बघत. असे प्रसंग त्याला सवयीचे होते. अशा वेळी हसून मान डोलवायची, नाहीतर 'बघू की' म्हणायचं. तीन वर्षं एवढ्यावर निभावलं होतं.

"लालासाब," तो म्हणाला, "मला ऐकू आलं न्हाय. काय म्हणलास, परत सांग."

लालासाब वळला. मग तो एका पायात चप्पल तशीच ठेवून आत आला, बाळासोच्या अगदी जवळ, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "म्हटलं, पोरगं सकाळधरनं जेवलं न्हाय. मी सांगून उठायचं न्हाय त्ये. चल, तू उठव त्येला."

बाळासो उठला. आक्कानं त्याची टोपी पुढं केली, ती त्याला दिसली नाही. बोळातून लालासाब पुढं चालत होता, भराभर, आणि एकदाही मागं वळून बघत नव्हता. बाळासो त्याच्या मागून चालत राहिला.